नागूबाईची घागर आणि सतरा ध्येयं

पैज लागली ती एका बिल्ल्यावरून.

मे महिन्यातल्या रविवारी संध्याकाळी शरणप्पाअण्णा जालिंदरच्या दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसले, तेव्हा त्यांच्या बुशशर्टाच्या खिशावर एक गोल बिल्ला चमकत होता. सतरा रंगांच्या सतरा पाकळ्या. अण्णा सरकारी ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले आणि रेवणनगर तिसऱ्या गल्लीच्या विकास समितीचे तहहयात अध्यक्ष. नुकतेच पुण्याला दोन दिवसांची कार्यशाळा करून आले होते. येताना त्यांनी एक कापडी पिशवी, दोन पेनं आणि जगाचा भार असं सगळं आणलं होतं. बिल्ला ते भाजी आणायला जातानाही लावत.

जगातल्या सगळ्या देशांनी मिळून सतरा ध्येयं ठरवलीत, असं त्यांनी बाकावरच्या मंडळींना समजावलं. गरिबी, भूक, पाणी, वीज, झाडं, समुद्र, सगळ्याचा निकाल दोन हजार तीसपर्यंत लावायचा. याला म्हणतात शाश्वत विकास.

"शाश्वत म्हंजे?" पार्वतम्मांनी विचारलं. पार्वतम्मांच्या पुढच्या खोलीत टॉवेलचा एक जुना माग होता, आणि गल्लीतल्या भांडणांचा निवाडा त्या करत.

"कायम टिकणारा."

हे ऐकून जालिंदर जरा दचकला. त्याचा धंदा मोटर रिवाइंडिंगचा. वस्तू कायम टिकायला लागल्या तर त्यानं जायचं कुठं?

पण खरी गंमत पुढेच होती. पुण्याची एक संस्था 'शाश्वत गल्ली' नावाचा पुरस्कार देणार होती. अण्णांनी फॉर्म भरला होता. सतरापैकी सोळा रकाने पूर्ण झाले होते आणि गुरुवारी तपासणीला मॅडम येणार होत्या. सोळा कसे पूर्ण झाले, हे जालिंदरनं विचारलंच. अण्णांनी खिशातून फॉर्मची झेरॉक्स काढली. पाचवं ध्येय स्त्री-पुरुष समानता, म्हणून समितीत उपाध्यक्ष म्हणून पत्नीचं, दाक्षायणीअक्कांचं नाव घातलं होतं. त्यांच्या वतीनं सहीही अण्णांनीच केली होती. चौदावं ध्येय समुद्री जीवन. सोलापूरला समुद्र नसल्यामुळे अण्णांनी हॉलमध्ये काचेची पेटी आणून चार मासे सोडले होते. सातवं ध्येय स्वच्छ ऊर्जा, त्यासाठी अण्णांच्या गच्चीवर मार्चपासून सोलर बसलं होतं, बॅटरीसकट. गल्लीतली लाइट गेली तरी अण्णांच्या घरातला पंखा फिरायचा, आणि तो फिरतोय हे अण्णा बाहेर येऊन सांगायचे.

"आन् सहावं?" जालिंदरनं विचारलं. "शुद्ध पाणी, सर्वांसाठी. त्यो रकाना मोकळाच हाय की."

"गुरुवारी पाण्याचा दिवस आहे. त्या दिवशी भरतो."

जालिंदर हसला. तो का हसला हे बाकावरच्या प्रत्येकाला कळलं आणि प्रत्येकानं दुसरीकडं बघितलं.

तिसऱ्या गल्लीत पाणी पाच दिवसांनी एकदा यायचं, दोन तास. नुसत्या नळावर कुणाचा भरवसा नव्हता, म्हणून नळाच्या लाइनलाच मोटर जोडायची आणि खेचायचं. हे कायद्यात बसत नाही. त्यामुळे मोटर सगळ्यांकडे होती आणि कुणाकडेच नव्हती. नेमका आकडा फक्त जालिंदरला ठाऊक होता, कारण जळल्यावर त्या सगळ्या त्याच्याच दुकानात यायच्या. घरं एकोणीस, मोटरी अठरा. गल्लीचा एक न बोललेला करारही होता, की अर्ध्या एचपीच्या वर कुणी जायचं नाही. चोरी करायची ती बरोबरीनं.

मोटर नव्हती ती फक्त नागूबाईंकडे. त्यांचं घर एकोणिसावं, पार चढावरचं. नागूबाई विड्या वळायच्या. पाण्याच्या दिवशी अठरा मोटरी सुरू झाल्या की त्यांच्या नळातून फक्त हवा यायची, फुस्स करून. मग त्या घागर घेऊन पलीकडच्या चौथ्या गल्लीतल्या बोअरवर जायच्या. तीन वर्षं झाली, त्यांच्या दारातल्या नळानं एक घागर भरली नव्हती.

"अण्णा," जालिंदर म्हणाला, "सतरा ऱ्हाऊ द्या. एकच करून दाखवा. गुरुवारी नागूबाईच्या दारातल्या नळाला, मोटर न लावता, एक घागर भरायची. तोंडापत्तोर. पाणी सुटल्यापासनं बंद होईपत्तोर कवाबी. भरली तर मी हरलो."

"हरलास तर?"

"जो हरंल त्यो चौकात बसंल. बरोब्बर बाराला, उनात, सोलापुरी चादर गळ्यापत्तोर गुंडाळून. एक तास. वर दोन कप गरम चा."

आदल्या दिवशी त्रेचाळीस डिग्री होतं. अण्णांनी बिल्ल्याला हात लावला आणि पैज मान्य केली. पार्वतम्मा पंच झाल्या. चढावरनं नागूबाई विड्यांचं सूप घेऊन जात होत्या, त्यांना जालिंदरनं थांबवून सगळं सांगितलं. त्यांनी एकदा अण्णांकडं बघितलं, एकदा बिल्ल्याकडं.

"घागर घासून ठेवते," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

सोमवारी अण्णांनी मीटिंग घेतली. गुरुवारी एकही मोटर चालणार नाही, अशी सर्वांनी उभं राहून शपथ घेतली. आपल्याकडे मोटरच नाही, असंही प्रत्येकानं आधी सांगितलं. शपथ मनापासून होती. सगळ्यांना खरंच वाटत होतं की नागूबाईंना पाणी मिळावं. फक्त घरी जाताना प्रत्येकाच्या मनात एकच हिशेब होता, की सतरा मोटरी बंद राहणार म्हटल्यावर आपली एक चालली तर काय बिघडतं. उलट प्रेशर चांगलं मिळेल.

मंगळवारपासून जालिंदरच्या दुकानात गिऱ्हाइकांची रीघ लागली. एकेकटे यायचे, इकडंतिकडं बघायचे आणि मोटरचा आवाज कमी करायला काही मिळतं का म्हणून विचारायचे. जालिंदरनं प्रत्येकाला आत घेतलं, प्रत्येकाला आपलं म्हटलं आणि प्रत्येकाला वेगळा उपाय सांगितला. एकाला सांगितलं, त्याच वेळेला मिक्सरवर शेंगाचटणी करायला काढा. दुसऱ्याला सांगितलं, भजनाची कॅसेट मोठ्यानं लावा, कोण काय बोलणार. पार्वतम्मांना तर उपायाची गरजच नव्हती. माग सुरू केला की शेजारचं भांडणसुद्धा ऐकू यायचं नाही.

"पंच हाय मी," त्या जरा ओशाळून म्हणाल्या.

"पंचाला काय तहान लागत न्हाय व्हय?" जालिंदर म्हणाला.

बुधवारी दुपारी खुद्द दाक्षायणीअक्का आल्या, डोक्यावर पदर ओढून. पाहुणे यायचे होते, टाकी अर्धीच होती, आणि हे तर घरात मोटरचं नावही काढू देत नव्हते. जालिंदरला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या, पण चेहरा त्यानं डॉक्टरसारखा ठेवला.

"अक्का, अण्णास्नी सत्कारात मिळालेल्या चादरी हायती न्हवं घरात?"

"सात आहेत."

"त्यातली जाड बघून मोटरवर टाका. चौघडी करून. आन् अण्णास्नी काय सांगू नका, बीपी वाढंल. ते मॅडमना आणायला चौकात गेले की मगच चालू करा."

अक्का समाधानानं गेल्या. जालिंदरनं दुकानाच्या पाटीवरच्या धुळीत बोटानं अठरा रेघा मोजून ओढल्या आणि चहा मागवला.

पण अण्णांनी चाळीस वर्षं सरकारी ऑफिसात काढली होती. लोकांच्या शपथांवर त्यांचा अजिबात विश्वास नव्हता. बुधवारी संध्याकाळी ते वायरमन बिरप्पाकडं गेले आणि तिसऱ्या गल्लीतल्या कडुनिंबाच्या फांद्या तारांना घासतात, असा लेखी अर्ज दिला. फांद्या तोडायच्या तर लाइट बंद करावी लागणार. ती गुरुवारी सकाळी साडेनऊ ते अकरा बंद करावी, ही नम्र विनंती. झाडं वाचवणं हे पंधरावं ध्येय आहे, हे अण्णांना आठवत होतं. पण सहाव्यासाठी पंधराव्याच्या चार फांद्या गेल्या तर चालतं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. लाइटच नाही म्हटल्यावर अठरा मोटरी काय, अठराशे असल्या तरी गप्प बसतील.

गुरुवारी नऊ वाजल्यापासून गल्लीत विलक्षण गोंगाट सुरू झाला. सात घरांत एकदम शेंगाचटणी व्हायला लागली. तीन घरांत तीन वेगळी भजनं लागली. एकानं अंगणात बुलेट उभी करून नुसतीच रेस करत ठेवली. पार्वतम्मांचा माग खडाखड सुटला. चावीवाल्यानं सव्वानऊला पाणी सोडलं, आणि या सगळ्या आवाजांच्या खाली एक बारीक, एकसुरी घुर्रर्र सुरू झालं.

चढावर नागूबाईंच्या दारात घासलेली स्टीलची घागर नळाखाली ठेवलेली होती. एका बाजूला अण्णा, एका बाजूला जालिंदर. नळातून फुस्स झालं.

"हवा भरली घागरीत," जालिंदर म्हणाला. "धरायची का ही?"

अण्णांनी घड्याळ बघितलं. नऊ एकोणतीस. नऊ तीस. कोपऱ्यावर बिरप्पानं फ्यूज काढला.

मिक्सर थांबले. भजनं मध्येच तुटली. मागाचा धोटा अर्ध्यात थांबला. ती घुर्रर्रही विझली. बुलेटवाला एकटाच थोडा वेळ रेस करत राहिला, मग लाज वाटून त्यानंही चावी काढली. तिसऱ्या गल्लीत इतकी शांतता कर्फ्यूत पण नव्हती. आणि त्या शांततेत नागूबाईंचा नळ आधी खोकला, मग लाल पाणी ओकला, आणि मग करंगळीएवढी स्वच्छ धार घागरीत पडायला लागली.

नागूबाई उंबऱ्यावरनं उठून जवळ आल्या आणि त्यांनी धारेखाली हात धरला. लगेच काढून घेतला, थेंब वाया जायला नको म्हणून.

"पाव," अण्णा म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "निम्मी." जालिंदरचा चेहरा पडला. त्यानं अठरा मोटरींचा बंदोबस्त केला होता, पण फ्यूजचा विचार केला नव्हता. त्याला आत्तापासूनच मानेला चादर टोचायला लागली.

तेवढ्यात चौकात गाडीचा हॉर्न वाजला. मॅडम आल्या. अण्णांनी बिल्ला सरळ केला, हार घेतला आणि उतारावरून चौकाकडं निघाले. गल्लीतल्या चौथ्या, म्हणजे आपल्याच घरावरून ते पुढं गेले, हे दाक्षायणीअक्कांनी खिडकीतून बघितलं. हे चौकात गेले की मोटर चालू करायची, एवढंच त्यांच्या लक्षात होतं. लाइट गेलेली त्यांना कळलीच नव्हती, कारण घरातला पंखा मजेत फिरत होता. त्यांनी बटण दाबलं.

चढावर धार बारीक झाली. दोऱ्यासारखी झाली. थेंब पडला, दुसरा पडला, आणि नळ फुस्स करून गप्प झाला. घागर अर्धी.

नागूबाईंनी नळाकडं बघितलं. जालिंदरनं मान वाकडी केली आणि डोळे मिटले. वैद्य नाडी बघतो तसा तो शांततेत कान लावून बसला. कुठंतरी खाली, जाड कपड्याच्या आत दडपलेला एक आवाज येत होता, आणि दर चौथ्या फेऱ्याला तो किंचित कुरकुरत होता.

"ही माझीच," तो हळूच म्हणाला. "मार्चात बेरिंग बदललंय. चौथं घर."

मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. गल्लीतल्या सतरा मोटरी मेल्या होत्या, आणि सगळ्या लाइनीतलं पाणी स्वच्छ ऊर्जेवर चालणारी एकटी मोटर खेचत होती.

अण्णा मॅडमना घेऊन चढावर आले. अंकिता मॅडम तरुण होत्या, हातात टॅब होता, आणि घामानं त्यांचे केस कपाळाला चिकटले होते. मागं सगळी गल्ली होती. अण्णा वाटेतच सांगत होते, की आमच्याकडे शेवटच्या घराला पहिलं पाणी मिळतं. नळाशी येऊन त्यांनी हात पुढं केला, आणि हात तसाच राहिला.

"पाणी येत नाहीये," मॅडम म्हणाल्या.

"आत्ताच होतं, मॅडम. साक्षीदार आहेत."

"फॉर्मला पाणी भरतानाचा फोटो लागतो, सर. साक्षीदार चालत नाहीत."

अण्णांनी नळ पिळला, उलटा पिळला, दोन थपडा मारल्या. नागूबाई अर्ध्या घागरीवर हात ठेवून उभ्या होत्या, कुणी तीही काढून नेईल की काय अशा. आणि त्याच वेळेला उताराकडून मोठा आवाज आला. सगळे वळले. चौथ्या घराची गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली होती. पाइपातून मनगटाएवढी धार रस्त्यावर पडत होती आणि उन्हात चमकत होती.

हलल्या त्या फक्त नागूबाई. त्यांनी घागर काखेत घेतली, सगळ्या गल्लीच्या मधून उतारावर गेल्या, धारेखाली घागर धरली आणि काठोकाठ भरून घेतली. मॅडम पळत मागं गेल्या आणि त्यांनी तीन फोटो काढले.

"हे काय आहे? रेन वॉटर हार्वेस्टिंग?"

मे महिना होता, आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. "व्हय," जालिंदर म्हणाला. "मागच्या वर्षीचं."

मॅडमनी टॅबवर टिक केली. सहावं ध्येय पूर्ण. लगेच त्या मासे बघायला आत गेल्या.

अण्णांच्या जिवात जीव आला. घागर भरली, सतरा पूर्ण झाली, आता जालिंदरनं चौकात बसावं, असं त्यांनी जाहीर केलं. जालिंदर म्हणाला, पैज दारातल्या नळाची होती, अण्णांच्या टाकीची नव्हती. कुणाची टाकी, कुणाची मोटर, असं अण्णा जोरात म्हणाले. माझ्या घरात मोटर नाही, मी शपथ घेतलेला माणूस आहे. मग जालिंदर त्यांना हाताला धरून बोळात घेऊन गेला, तिथं चौघडी केलेली एक चादर थरथरत होती. जालिंदरनं ती उचलली. खालून मोटर निघाली आणि चादरीच्या कोपऱ्यावर अण्णांच्या ऑफिसचं नाव निघालं. निवृत्तीच्या सत्कारात मिळालेली होती.

अण्णांनी दाक्षायणीअक्कांकडं बघितलं.

"असं काय बघताय?" अक्का म्हणाल्या. "उपाध्यक्ष आहे मी. मला अधिकार आहे."

पार्वतम्मांनी निकाल दिला. मोटर अण्णांची, चादर अण्णांची, तेव्हा बसणारही अण्णाच. त्यांनी तो जरा घाईनं दिला, कारण लाइट यायची वेळ झाली होती आणि त्यांची टाकी रिकामी होती.

बरोब्बर बारा वाजता शरणप्पाअण्णा चौकात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. मोटरच्या गरमीनं चादर आधीच तापलेली होती. ती गळ्यापर्यंत गुंडाळली गेली आणि बिल्ला तेवढा वर राहू दिला. डांबर पायाखाली मऊ झालं होतं. जालिंदरनं पहिला गरम चहा स्वतःच्या हातानं आणून दिला, वर आलं जास्त घातल्याचं सांगितलं. सगळी गल्ली छपरांच्या सावलीत उभी राहून बघत होती. गाड्यावाले थांबून विचारत होते, कुणी वारलंय का.

पावणेएकला अंकिता मॅडम गल्ली बघून निघाल्या. चादरीतले अण्णा बघून त्यांचा चेहरा उजळला. सोलापुरात पाहुण्याला चादर घालतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं होतं.

"अरे वा, सरांचा सत्कार झाला वाटतं?"

"अजून चालू हाय," जालिंदर म्हणाला. "एकला संपतोय."

मॅडमनी तिथंच जाहीर केलं, की तिसऱ्या गल्लीला पुरस्कार मिळणार. फक्त त्यांची एक इच्छा होती. या सतरा ध्येयांचा गाभा म्हणजे कुणालाही मागं ठेवायचं नाही. तेव्हा गल्लीतल्या शेवटच्या घरच्या आजींचाही सत्कार व्हावा, सरांच्याच हातानं. अण्णांना पुण्याच्या त्या कार्यशाळेपासून एवढी आवडलेली ही पहिलीच सूचना होती. ते टुणकन उठले आणि चादर सोडवायला लागले.

"पंधरा मिंटं ऱ्हायलीत," पार्वतम्मा म्हणाल्या. अण्णा परत बसले.

गर्दीतून नागूबाई पुढं आल्या. हातात तांब्या होता. त्यांनी अण्णांच्या तोंडाला पाणी लावलं, कारण अण्णांचे हात आत होते. अण्णा घटाघट प्याले आणि त्यांनी डोळे मिटले.

"बसू द्या की त्यास्नी, ताई," नागूबाई मॅडमना म्हणाल्या. "एक वाजला की चादर नेते मी. मला पायजेच हुती. जालिंदर सांजच्याला मोटर बसवतोय, तिच्यावर टाकायला काय न्हवतं घरात."

"कसली मोटर?" मॅडमनी विचारलं. सगळ्या गल्लीनं एकदम मॅडमच्या गाडीकडं बघितलं आणि उशीर होतोय, ऊन लई हाय, असं सांगत त्यांना प्रेमानं आत बसवून दिलं. गाडी गेली.

अण्णांनी डोळे उघडले. मनातल्या मनात एकोणीस घरं आणि एकोणीस मोटरी त्यांनी दोनदा मोजल्या. मग चादरीतून मान जेवढी बाहेर निघेल तेवढी काढून त्यांनी जालिंदरला जवळ बोलावलं.

"अर्ध्या एचपीचीच देतोयस ना?"

"न्हाय अण्णा," जालिंदर दुसरा चहा फुंकत म्हणाला. "त्यांचं घर चढाला हाय. दोन एचपीची घालतोय."

सावलीतली कुजबुज थांबली. बारा पन्नासच्या उन्हात, त्रेचाळीस डिग्रीत, अण्णांच्या अंगावरून एक बारीक शहारा गेला, आणि त्यांनी आतून दोन्ही हातांनी चादर घट्ट आवळून घेतली.